मदत हवी आहे: पाचोळ्यावरच्या मॅरास्मियस या छत्रीच्या बुरशीचं शुद्ध कल्चर (दुसरं काही न मिसळता प्रयोगशाळेत वाढवलेली तीच बुरशी) कसं मिळवायचं?

आंबोलीच्या जंगलातली ही बुरशी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जतन करायची आहे. नमुन्यांची परवानगी आहे. छत्री जेमतेम ५ मिलिमीटरची, देठ घोड्याच्या केसासारखा काळा. कल्चरसाठी कापून घ्यावा असा गरच त्यात नाही. पानाचे तुकडे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर धुऊन २ टक्के माल्ट अगारवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) ठेवले, की ट्रायकोडर्मा ही झपाट्याने वाढणारी दुसरी बुरशी सगळी प्लेट हिरवी करते. क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने फक्त जिवाणू थांबतात. ट्रायकोडर्मासारख्या बुरशा रोखणारं बेनोमिल हे बुरशीनाशक घालावं का, प्रतिलिटर किती? की छत्री व्हॅसलीनने झाकणाला चिकटवून बीजाणू अगारवर पाडावेत? कृपया जास्त पाचोळा उकरायला मात्र सांगू नका. या बुरशीच्या काळ्या दोऱ्यांनीच उतारावरची पानं एकमेकांना बांधलेली असतात.