मदत हवी आहे : गावच्या वाचनालयातून शाळांना पुस्तकपेटी द्यायची आहे, कशी चालवावी?

नमस्कार मंडळी,

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. गावच्या मराठी वाचनालयाचं काम आम्ही चार-पाच जण मिळून बघतो. दोन-अडीच हजार पुस्तकं, लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, रोजचे पेपर. संध्याकाळी वडीलधारी मंडळी पेपर वाचायला येतात. परीक्षा जवळ आली की दहावीची आणि पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं अभ्यासाला बसतात, पण आपापली पुस्तकं घेऊन. कपाटातलं पुस्तक मागून घरी नेणारं पोर क्वचितच.

आसपासच्या गावांत मराठी प्राथमिक शाळा आहेत, एक हायस्कूल आहे. प्राथमिक शाळांत बहुतेक ठिकाणी दोन-तीनच शिक्षक, त्यांच्यावर चार-चार वर्ग. लहान मुलांनी एवढ्या लांब वाचनालयात यावं ही अपेक्षाच चुकीची वाटते. एसटी शाळेच्या वेळेची, ती चुकली की चालत. म्हणून पुस्तकं शाळेत न्यायची असं आम्ही ठरवलंय. प्रत्येक शाळेला एक पेटी, महिना-दीड महिन्याने पेट्यांची अदलाबदल.

आपल्या भागात वाचनालयांची परंपरा लहान नाही. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 सालचं. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडीत शाळेची मुलंच लेझीम घेऊन पुढे असतात. त्या पालखीतलं पुस्तक उरलेलं वर्षभर त्या मुलांच्या हातात पडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. एका शाळेत गेले होते तेव्हा ऑफिसातल्या कपाटात गोष्टींची नवीकोरी पुस्तकं दिसली. पानं एकमेकांना चिकटलेली, कुणी उघडलीच नव्हती. गुरुजी मनाने चांगले आहेत, पण पुस्तक हरवलं तर हिशेब त्यांनाच द्यावा लागतो.

मला विचारायचंय ते असं. पेटीत किती आणि कुठली पुस्तकं ठेवावीत? फाटली-हरवली तर काय करायचं? अनामत रक्कम घेतली तर गरीब घरची मुलं बाजूला पडतील, म्हणून ती नको वाटते. शिक्षकांसाठी वेगळं कार्ड काढलं तर त्यावर त्यांना काय देता येईल? आणि सगळ्यात जास्त काळजी हायस्कूलच्या मुलांची. दहावीपर्यंत विज्ञान-गणित मराठीतून शिकतात आणि पीयूसी सायन्सला गेल्या गेल्या सगळं इंग्रजीत. हुशार मुलं पहिल्या चाचणीतच खचतात. वाचनालय म्हणून त्यांच्यासाठी काही करता येईल का?

ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


शाळामास्तर :

ताई, फार मोलाचं काम हाती घेताय. मी बेळगाव तालुक्यात प्राथमिक शाळेवर आहे.

आधी हेडमास्तर आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) अध्यक्षांना भेटा, आणि वाचनालयाच्या लेटरहेडवर लिहून द्या की पेटीतलं पुस्तक फाटलं किंवा हरवलं तर शिक्षकाकडून वसुली होणार नाही, आणि ही पुस्तकं शाळेच्या स्टॉकला चढवायची नाहीत. पुस्तकं कुलपात राहतात ती या स्टॉक रजिस्टरमुळे. बदली झाली की चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यावं लागतं. ही भीती काढलीत की पेटी उघडी राहील.

आमच्याकडे पेटी येते तीत चाळीसेक पुस्तकं असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली. देवघेव सातवीतल्या दोन मुली बघतात. शंभर पानी वहीत तारीख, नाव, पुस्तकाचा नंबर आणि परत आल्याची खूण, एवढंच. शनिवारी शाळा सकाळची असते, सुटायच्या आधीचा अर्धा तास पेटीचा. मुलींचा दरारा असा आहे की पुस्तक परत आणायला मला सांगावं लागत नाही.

पहिली-दुसरीला मोठ्या चित्रांची, पानाला दोन-तीन ओळींची पुस्तकं द्या. चौथीच्या पुढे गोष्टी, प्राणी-पक्षी, विज्ञानाचे प्रयोग. देणगीत आलेली जाडजूड चरित्रं पहिल्या पेटीत नकोत, मूल एकदा बुजलं की पुन्हा पेटीकडे फिरकत नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’मध्ये एका पेटीत 100 पुस्तकं असतात, पण ती मोठ्या वाचकांच्या गटासाठी. दोन शिक्षकी शाळेला तेवढी झेपणार नाहीत.

फाटलेल्याचं म्हणाल तर ते वाचल्याचं लक्षण समजा. वर्षाला थोडी पुस्तकं जाणार हे बजेटमध्येच धरून चला.


ग्रंथपाल, बेळगाव :

मास्तरांशी पूर्ण सहमत. फक्त फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू देऊ नका. ती पिवळी पडते, कडक होते आणि कागद घेऊन निघते. पातळ कागदाची पट्टी आणि खळ वापरा. पाचवीच्या पुढची मुलं हे हौसेने शिकतात.

शिक्षक कार्डावर एका वेळी दहा-पंधरा पुस्तकं आणि पूर्ण सहामाहीची मुदत द्या. नेहमीच्या सभासदाला दोन पुस्तकं पंधरा दिवस, हा नियम शिक्षकाच्या कामाचा नाही. त्यांना एक पाठ शिकवायचा तर चार पुस्तकं समोर लागतात. शिवाय मागणीची एक वही ठेवा. पुढच्या महिन्यात काय शिकवणार ते शिक्षकांनी तीत लिहायचं, तुम्ही त्या विषयाचं साहित्य काढून ठेवायचं. मराठी विश्वकोशाच्या नोंदी नेटवर मोफत आहेत. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंकही मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर बऱ्याच गोष्टी मराठीत आणि कन्नडमध्येही मिळतात. दोन्ही छापून शेजारी शेजारी ठेवा, कन्नड शिकणाऱ्या मुलांना गोष्ट आधीच माहीत असली की वाचायला धीर येतो.

आता हायस्कूलचं. इथे पैसा लागत नाही, कष्ट लागतात. कर्नाटक पाठ्यपुस्तक संस्थेची विज्ञान आणि गणिताची पुस्तकं मराठी, कन्नड, इंग्रजी अशा सगळ्या माध्यमांत निघतात, पाठ तेच, आकृत्या त्याच. पीडीएफ संस्थेच्या साइटवर आहेत. नववी-दहावीची मराठी आणि इंग्रजी पुस्तकं छापून, बांधून, एकाच टेबलावर ठेवा. मुलाने प्रकाशाचे परावर्तन मराठीत वाचलं की तोच पाठ इंग्रजीत उघडायचा आणि संज्ञा वहीत समोरासमोर लिहायच्या. अडेल तिथे महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, तेही नेटवर खुले. दहावीची परीक्षा संपल्यापासून पीयूसी सुरू होईपर्यंत मुलं मोकळी असतात. तेवढ्या दिवसांत रोज तासभर बसली तरी खूप फरक पडतो. गावातला एखादा पीयूसी दुसऱ्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी सोबत बसवा, मोठ्यांना विचारायला लाजणारी मुलं त्यांना विचारतात.

एक सावधगिरी. कोल्हापूरकडून देणगीत गाइडं येतात, ती महाराष्ट्र बोर्डाची. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण आपल्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या, मुलाने त्यावर अभ्यास केला तर नुकसान त्याचं. कथा-कादंबऱ्या घ्या, गाइडं नम्रपणे परत करा.


मलप्रभेकाठचा :

ताई, पंचायतीच्या ग्रंथालयात विचारलासा काय? 2020 पासून ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा उजेड) म्हणून कर्नाटक सरकारचा कार्यक्रम आहे, 6 ते 18 वर्षांच्या पोरांना ग्रामपंचायत ग्रंथालयाचं सभासदत्व फुकट. आता त्या ग्रंथालयांना ‘अरिवु केंद्र’ (ज्ञान केंद्र) म्हणायलेत. घरपट्टीबरोबर आपण 6 टक्के ग्रंथालय कर भरतोय की, मग मराठी पुस्तकं मागायला संकोच कसला? पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) अर्ज द्या, कन्नडमधून लिहा, सोबत पुस्तकांची यादी जोडा. नाव, प्रकाशक, किंमत सगळं घालून. नुसतं ‘मराठी पुस्तकं द्या’ म्हटलं तर अर्ज फायलीत पडून राहतोय. तिथल्या ग्रंथालय मेल्विचारकांनाही (पर्यवेक्षकांनाही) आधी भेटा. तुमची पेटी आणि त्यांची जागा असं जुळलं तर दोघांचं भागेल.


धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. वसुली नाही असं लिहून द्यायचं आणि दोन माध्यमांची पुस्तकं एका टेबलावर ठेवायची, या दोन गोष्टी आजच मंडळाच्या बैठकीत मांडते. पंचायतीच्या अर्जासाठी यादी करायला घेतलीय.

एक राहिलंच. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पाऊस किती ते तुम्हाला ठाऊक आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकांनाही बुरशी येते. पेटी कसली करावी?


शाळामास्तर :

लाकडी नको, वाळवी आणि ओल दोन्ही धरते. पत्र्याची ट्रंक घ्या, आतून रंग मारून. जमिनीवर न ठेवता बाकावर ठेवायला सांगा. कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत घाला. डांबरगोळ्या लहान मुलांच्या हाती लागतात, त्या टाळा. ऊन पडेल त्या दिवशी पुस्तकं उभी उघडून सावलीत वारा द्यायचा, थेट उन्हात नाही.

आणि सुरुवात पावसात करूच नका. 14 ते 20 नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह असतो. दसऱ्याची सुट्टी संपून शाळा रुळलेली असते, पाऊस उघडलेला असतो. पहिली पेटी तेव्हा द्या. तोवर पुस्तकांना कव्हर घालणं, नंबर टाकणं होईल.


धागाकर्ती :

ठरलं, नोव्हेंबरच. शाळेला द्यायच्या पत्राचा नमुना कुणाकडे असेल तर इथे टाका, मराठी आणि कन्नड दोन्हीत मिळाला तर फार बरं होईल.