अनुभव धागा: व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी पैसा कोकणात कुठून मिळतो आणि कुठे अडतो

दारू आणि अमली पदार्थांच्या उपचारांसाठी सरकार पैसा देतं, हे कोकणातल्या बहुतेक घरांना ठाऊकच नसतं. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूचं व्यसन जडलेल्या दर 38 जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळतो. किनारपट्टीवर या कामात असलेल्यांना म्हणूनच मुद्दाम लिहायला बोलावलं आहे. किस्से नकोत. कोणत्या दारावर जायचं, कोणता कागद न्यायचा आणि काम कुठे फसतं, एवढं नेमकं लिहा. नावं आणि फोन नंबर टाकू नका.

समुपदेशक, रत्नागिरी

आधी दारं कोणती ते सांगतो. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची नशामुक्तीची राष्ट्रीय कृती योजना 2018 पासून चालू आहे. तिच्यातून संस्थांच्या निवासी केंद्रांना अनुदान मिळतं. सरकारी रुग्णालयांत व्यसनोपचार सुविधा उभी करण्याचा खर्चही त्यातूनच होतो आणि त्याचं तांत्रिक काम दिल्लीचं एम्स बघतं. दुसरं दार आरोग्य खात्याचं: सिव्हिलमधला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय. आपल्याजवळ काय आहे हे 14446 या हेल्पलाइनवर विचारता येतं, फोन फुकट आहे.

केंद्रात पाऊल टाकण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 खालचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. डॉक्टर किती वाजता येतात आणि रात्री नर्स असते का, ते विचारावं. अनुदान किती खाटांना आहे आणि आपली खाट त्यात येते का, हे लेखी घ्यावं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळलं तर पैसे भरू नका.

बांधून ठेवणारी, मारणारी केंद्रं अजून आहेत. साखळीने बांधायला या कायद्याच्या कलम 95 ने सरळ बंदी आहे. रुग्णाची तयारी नसताना दाखल करायचं झालं तर त्याची रीत कलम 89 मध्ये आहे, आणि तसं दाखल ठेवण्याची मुदत जास्तीत जास्त 30 दिवस. ‘सहा महिन्यांचं पॅकेज’ सांगणाऱ्याला त्या मुदतीबद्दल विचारा.

परिचारिका, उपजिल्हा रुग्णालय, रायगड

दादांनी दारं सांगितली, पण त्या दारापर्यंतच्या वाटेवरच माणूस जातो. ‘उद्या दाखल करायचंय, आजपासून बंद’ असं घरचे ठरवतात. रोज सकाळी उठल्याबरोबर प्यायला लागणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की सहा तासांपासून पुढे हाताला कापरं, घाम, उलट्या सुरू होतात. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत मोठा. भास, वेळकाळाचं भान सुटणं, ताप हे साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी येतं आणि त्यात जीव जातो. अशा माणसाला रात्रीच्या एसटीत बसवून आठ तासांच्या प्रवासाला नेऊ नये. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात आधी दाखवा, तिथून संदर्भ चिठ्ठी घेऊन पुढे न्या. फिट आली किंवा बरळायला लागला तर 108 बोलवा, तीही सरकारी आणि मोफत.

शेवटचा घोट किती वाजता घेतला, हे केसपेपरवर लिहून घ्या. तारीख पुरत नाही, वेळ लागते, कारण औषधाचा डोस आणि नजर ठेवायचे तास त्यावर ठरतात. आधी कधी फिट आली होती का, तेही सांगा. आणि सलाइन लावताना ‘आधी थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) दिलंय का’ हे नातेवाइकांनी विचारलं तर कुणी रागावू नये. उपाशी, दारूवर जगलेल्या माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मच्छीमार सोसायटीचा सचिव, दापोली

आमच्याकडे उपचाराचा हंगाम ठरलेला आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नौका वर ओढलेल्या, जाळी विणायला काढलेली, खलाशी मोकळा आणि हातात हिशेबाचे पैसे. पिणं याच दिवसांत वाढतं, आणि महिनाभर दाखल राहायला सवड मिळते तीही याच दिवसांत. पण सरकारी व्यसनमुक्ती सप्ताह येतो ऑक्टोबरात, गांधी जयंतीला. तेव्हा तांडेलापासून पोऱ्यापर्यंत सगळे समुद्रावर, आणि पथनाट्य शाळेच्या पोरांसमोर होतं. म्हणून आमचं मागणं असं की बंदरांवरचा जनजागृतीचा खर्च मे अखेर ते 26 जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनापर्यंत व्हावा. मे महिन्यातच सोसायटीच्या लेटरहेडवर समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना आणि सिव्हिल सर्जनला पत्र द्यावं: बंदर कोणतं, खलाशी किती, तपासणी शिबिर कोणत्या तारखेला.

शिबिरात भाषण कमी आणि ऑडिट, म्हणजे पिण्याची सवय तपासणारी प्रश्नावली, जास्त असावी. दहा प्रश्न, 40 पैकी गुण. 8 किंवा जास्त म्हणजे धोक्याचं पिणं, 20 किंवा जास्त म्हणजे व्यसनाची दाट शक्यता, म्हणजे डॉक्टरांकडे. माणसाला एकेकट्याला बाजूला घेऊन विचारायचं, नाखव्यासमोर (नौकेच्या मालकासमोर) नाही. नाखव्यासमोर सगळ्यांचे गुण शून्य येतात.

आणखी एक. ऑगस्ट 2023 मध्ये आमच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली, तेव्हापासून पोलिसांचा डोळा आहे आणि तो असावाच. पण जो पोरगा ओढायला लागलाय त्याला पोलीस ठाण्याची भीती वाटून तो उपचाराला येत नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याचं कलम 64अ त्याला सांगा: व्यसनी माणसावर थोड्या प्रमाणातल्या अमली पदार्थाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला गेला तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्ध्यात सोडले तर ते संरक्षण जाऊ शकतं, हेही तेव्हाच सांगायचं.

लेखापाल, व्यसनमुक्ती संस्था, सिंधुदुर्ग

पैसा मिळत नाही ही ओरड मी रोज ऐकते. निम्म्या वेळा तो कागदावर अडलेला असतो.

अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. त्याआधी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंद हवी, आणि इथेच पहिली ठेच लागते. धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीत, पॅनवर आणि बँकेच्या पासबुकात संस्थेचं नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे. एकीकडे ‘मंडळ’, दुसरीकडे ‘मंडळ ट्रस्ट’ असेल तर पडताळणीत अर्ज परत येतो. विश्वस्त वारले, नवे आले, पण बदल अर्ज मंजूर झालेला नाही, हेही नेहमीचंच. ते मिटल्याशिवाय पोर्टल उघडू नका. तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद आणि वार्षिक अहवाल, जागेचा भाडेकरार, कर्मचाऱ्यांची शैक्षणिक कागदपत्रं तयार ठेवा. जिल्ह्याची तपासणी होते, मग राज्याची शिफारस, मग दिल्ली.

मंजुरीनंतरची चूक जास्त महाग पडते. अनुदान ज्या बाबीला आलं त्याच बाबीवर खर्च करायचं. जेवणाचे पैसे वाचले म्हणून छपराची कौलं बदलली तर ती रक्कम अमान्य होते. वर्ष संपलं की पैसा ठरल्या कामाला लागल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर 12-अ नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीने. अनुदानावर बँकेत मिळालेलं व्याज आपलं नसतं, ते केंद्र सरकारला परत करायचं. अनुदानातून घेतलेली खाट, फ्रीज, संगणक यांची मालमत्ता नोंदवही वेगळी, आणि परवानगीशिवाय यातलं काहीही विकायचं नाही. तपासणीला आलेला माणूस हजेरीपट, रुग्ण नोंदवही आणि किराण्याची बिलं शेजारी शेजारी ठेवून बघतो. पंधरा रुग्णांच्या दिवशी तीस जणांचे तांदूळ लागले असतील तर प्रश्न येणारच, आणि यायलाच हवा.

हप्ता उशिरा येतो हे खरं आहे. समुपदेशकाचा पगार थांबला की तो पुण्या-मुंबईला जातो आणि केंद्रात उरतात फक्त खाटा. निदान सहा महिन्यांचे पगार निघतील एवढी देणगीची गंगाजळी नसेल तर निवासी केंद्र सुरूच करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. बाह्यरुग्ण सेवा करा, ती कमी पैशात तगते.

ग्रामपंचायत सदस्य, संगमेश्वर

ताईंनी मोठ्या अनुदानाचं सांगितलं, मी छोट्याचं सांगतो. ग्रामपंचायत विकास आराखड्यात व्यसनमुक्तीची ओळ ग्रामसभेतच घालून घ्यावी लागते, नंतर ग्रामसेवक काही करू शकत नाही. ‘जनजागृती’ एवढंच लिहू नका, ‘दर महिन्याला एक समुपदेशन दिवस, जागा आणि प्रवासखर्च’ असं लिहा.

परवान्याचं दारू दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान आहे (आडवी बाटली ही दुकान बंद करण्याच्या बाजूची खूण), 2008 च्या आदेशाप्रमाणे. आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या, त्यांची पडताळणी. मग मतदानात एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला हवीत, झालेल्या मतदानाच्या नव्हे. कोकणात ठराव इथेच पडतो, कारण यादीत नाव असलेल्या कितीतरी बायका मुंबईला. तारीख ठरवताना गणपती किंवा शिमग्याच्या आसपासची मागा.

वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र

न सांगता भाजीत मिसळायचं औषध आणून द्या, अशी विनंती वरचेवर येते. नाही. ते बहुधा डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं, हृदयाचा आजार असलेला दगावतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने, यकृताच्या तपासण्या करून आणि शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनी, अशीच ती सुरू करतात.

खासगी विम्याबद्दल एका ओळीत: बहुतेक पॉलिसींत व्यसनाचा उपचार वगळलेला असतो, अपवादांच्या यादीत बारावा क्रमांक बघा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, बिल झाल्यावर नव्हे.

समुपदेशक, सावंतवाडी

सगळ्यांनी खाटेपर्यंतचं लिहिलं. आमच्याकडे गोव्याची स्वस्त दारू सीमेजवळच्या बांदा गावावरून आत येते, म्हणून घरी परतलेल्या माणसाचे पहिले तीन महिने सर्वांत कठीण. या महिन्यांसाठी पैसा शोधायला कुणी जात नाही. डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तीन तपासण्यांच्या तारखा आणि औषधांची मूळ नावं लिहून घ्या, ब्रँडची नकोत. मूळ नाव असलं की सिव्हिलच्या औषध खिडकीवर फुकट मिळणारी गोळी ओळखता येते. मानसोपचारतज्ज्ञ तालुक्याला महिन्यातून कोणत्या वारी येतात, ते जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या कक्षात विचारून कार्डावरच लिहा. मधल्या दिवसांत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करता येतो, मराठीत बोलतात.

दुसरं, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली अमली पदार्थांविरोधी जिल्हा समितीची बैठक होते. तिच्यात चर्चा जप्तीची होते. दाखल किती, घरी किती गेले, तीन महिन्यांनी संपर्कात किती, हे तीन आकडे प्रत्येक केंद्राने आणि सिव्हिलने त्या बैठकीत मांडावेत, अशी लेखी मागणी संस्था आणि ग्रामपंचायती दोघांनीही करावी. तिसरा आकडा कागदावर आला की पाठपुराव्याच्या प्रवासखर्चासाठी जिल्हा नियोजन समितीकडे प्रस्ताव टाकायला आधार मिळतो. प्रस्तावात गावांची यादी, दर भेटीचं अंतर आणि एसटीचं भाडं घालायला विसरू नका.