रवांडा १९९४: मारेकरी माणसं ओळखायचे कशी?

प्रश्न: रवांडातले हुतू आणि तुत्सी हे दोन वांशिक गट एकच भाषा बोलत, शेजारी राहत. मग १९९४च्या नरसंहारात तुत्सींना मारणाऱ्या हुतू मारेकऱ्यांना नाक्यावर कोण कोण ते कळायचं कसं?

उत्तर १: ओळखपत्रावरून. बेल्जियन राजवटीने १९३०च्या दशकात त्यावर वांशिक गट नोंदवला, स्वातंत्र्यानंतरही तो रकाना तसाच राहिला. ‘तुत्सी’ दिसलं की संपलं. कार्डच नसेल तर संशय आणखी वाढायचा.

उत्तर २: कार्डाने माणूस सापडतो, त्याला मारायला शेजारी तयार होतो तो प्रचाराने. हुतू कट्टरपंथीयांचा आरटीएलएम रेडिओ जुलै १९९३पासून गाणी वाजवता वाजवता तुत्सींना ‘झुरळं’ म्हणायचा. ६ एप्रिल १९९४ला राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेल्यावर तर नावं-ठिकाणंही सांगू लागला.

उत्तर ३: ‘जुनं वैर अचानक उफाळलं’ असं म्हणतात, ते काही पटत नाही; तयारी आधीपासून होती आणि जगाला ती कळलीही होती. रवांडातल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल दलेर यांनी ११ जानेवारीलाच शस्त्रसाठ्याची खबर न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवली. छाप्याला परवानगी मिळाली नाही. वर २१ एप्रिलला, कत्तल चालू असताना, सुरक्षा परिषदेने शांतिसेना २७० जणांवर आणायचं ठरवलं!