स्वतः लिहिलेला फाइल शेअरिंग प्रोटोकॉल + खासगी नेटवर्क: सल्ला हवा आहे

खटपट्या
नमस्कार मंडळी,
आमचा सात-आठ जणांचा गट आहे, सगळे वेगवेगळ्या गावी. गटानेच केलेल्या ध्वनिमुद्रणांचा काहीशे जीबींचा साठा आहे (हक्क आमचेच, त्यामुळे ती भानगड नाही). तो क्लाउडवर न ठेवता आपापसांत वाटून ठेवायचा आहे. त्या निमित्ताने बिटटोरंटसारखा (फाइलीचे तुकडे सगळ्यांनी एकमेकांकडून घ्यायचे असा) प्रोटोकॉल स्वतः लिहून बघायची हौस आहे. पायथन बऱ्यापैकी येतं, गो शिकतोय.

१. बिटटोरंटच लिहू, की आपलं काहीतरी सुटसुटीत रचू?
२. टोरंट (वाटायच्या फाइलींचं वर्णन असलेली छोटी फाइल) 'प्रायव्हेट' केलं की बाहेरच्यांपासून सुरक्षित का?
३. दोघांकडे सीजीनॅट आहे (इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच पब्लिक आयपी देते), पोर्ट फॉरवर्ड होत नाही, म्हणजे बाहेरून त्यांना थेट जोडता येत नाही. त्यांचं काय करायचं?

सावकाश
आधी ठरवा, काम व्हायला हवंय की शिकायचंय? काम व्हायला हवं असेल तर सिंकथिंग (यंत्रांमधले फोल्डर सारखे ठेवणारा तयार प्रोग्राम) टाका आणि मोकळे व्हा. दोन्ही यंत्रांनी एकमेकांना मान्यता दिल्याशिवाय एक बाइट हलत नाही, वाहतूक टीएलएसमधून (एन्क्रिप्ट होऊन) होते, थेट जोडणी जमली नाही तर रिलेमार्गे (मधल्या सर्व्हरमार्फत) जाते. फक्त त्याला बॅकअप समजू नका. एकाने फाइल उडवली की सगळ्यांकडची उडते. फाइल व्हर्जनिंग (जुन्या प्रती ठेवणं) पहिल्या दिवशीच चालू करा.

खटपट्या
धन्यवाद. पण शिकायचंच आहे हो. सिंकथिंग हाताशी ठेवतो.

तारायंत्र
मग बिटटोरंटच लिहा. स्वतःचं काही रचलंत तर ते बरोबर चालतंय की नाही हे सांगणारं समोर कोणी नसतं. दोन्ही टोकांना तुमचाच कोड, त्यामुळे दोन्हीकडे एकच चूक असली तरी सगळं सुरळीत दिसतं. बिटटोरंट असेल तर समोर ट्रान्समिशन किंवा क्यूबिटटोरंट हा तयार क्लायंट उभा करायचा. तो तुमचं ऐकत नसेल तर चूक तुमची. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये आणलेला हा प्रोटोकॉल मुळात लहानच आहे. बीईपी ३ (त्याचं अधिकृत वर्णन) एका बैठकीत वाचून होतो.

लोक कुठे अडकतात ते सांगतो.

बेनकोड (टोरंट फाइल लिहिण्याची पद्धत) सोपं आहे, पण त्यातल्या स्ट्रिंग म्हणजे बाइट. यूटीएफ-८ समजून डीकोड करायला गेलात की 'पिसेस' या फील्डवर आपटाल; तिथे प्रत्येक तुकड्याचा २० बाइटांचा शा-१ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) कच्च्या स्वरूपात असतो. इन्फोहॅश (टोरंटमधल्या 'इन्फो' भागाचा हॅश, टोरंटची ओळख) काढताना डिक्शनरी वाचून, पुन्हा एन्कोड करून हॅश काढू नका. मूळ फाइलमधले इन्फोचे बाइट जसेच्या तसे कापून घ्या. नाहीतर नव्वद फाइली चालतील आणि एक्याण्णवावी का चालत नाही हे शोधत बसाल.

हँडशेक (जोडणीचा पहिला मेसेज) ६८ बाइटांचा: १९ हा आकडा, 'बिटटोरंट प्रोटोकॉल' ही १९ अक्षरं (अर्थात रोमन लिपीत), ८ राखीव बाइट, २० बाइटांचा इन्फोहॅश, २० बाइटांचा पिअर आयडी (पिअर म्हणजे वाटणीतलं एक यंत्र). पुढचा प्रत्येक मेसेज ४ बाइटांच्या लांबीने सुरू होतो. इथे हमखास फसगत होते: सॉकेटवरून एकदा वाचलं की एक अख्खा मेसेज हाती येईल असं धरून चालतात. टीसीपीला तुमचे मेसेज माहीत नाहीत. अर्धा येईल, अडीच येतील. बफरमध्ये साठवा, लांबी पुरी झाली की कापा. आणि त्या लांबीला कमाल मर्यादा घाला. समोरून कोणी चार जीबी लिहून पाठवलं तर तेवढी मेमरी मागत बसू नका.

सुरुवातीला दोन्ही बाजू चोक (देणं बंद) असतात. इंटरेस्टेड ('मला हवंय') पाठवायचं, अनचोक ('आता माग') आलं की १६,३८४ बाइटांचे ब्लॉक मागायचे. एक मागितला, आला, मग दुसरा, असं केलंत तर रडाल. जाऊन-येऊन १०० मिलिसेकंद लागत असतील तर सेकंदाला जेमतेम १० ब्लॉक, म्हणजे १६० केबी. मग लाइन कितीही तगडी असो. पाच-दहा मागण्या कायम रांगेत ठेवा.

डीएचटीच्या (ट्रॅकरशिवाय पिअर शोधायच्या यंत्रणेच्या) नादी लागू नका. सात-आठ जणांना शोधायला कॅडेम्लिया (डीएचटीमागची पद्धत) कशाला? ट्रॅकरही (पिअरांचे पत्ते सांगणारा सर्व्हर) नको, एका टेक्स्ट फाइलमध्ये पत्ते लिहा.

शून्यएक
वर तारायंत्रांनी छान लिहिलंय. एक भर: टोरंटमधल्या फाइलींच्या नावांत '..' आलं तर नाकारा. नाहीतर कोणीतरी तुमच्या होम फोल्डरमध्ये हवं ते लिहून जाईल.

प्रश्न २: नाही. बीईपी २७ चा 'प्रायव्हेट' फ्लॅग क्लायंटला एवढंच सांगतो की डीएचटी आणि पिअर एक्स्चेंज (पिअरांनी एकमेकांना पत्ते सांगणं) वापरू नकोस, फक्त ट्रॅकरने दिलेल्यांशी बोल. ही विनंती आहे, कुलूप नव्हे. क्लायंटमधलं 'एन्क्रिप्शन'ही वाहतूक ओळखू येऊ नये यासाठी आहे. समोरचा कोण हे ते तपासत नाही.

म्हणून आत कोण येणार हा प्रश्न प्रोटोकॉलमध्ये सोडवूच नका. खाली वायरगार्ड हे व्हीपीएन (इंटरनेटवरून चालणारं एन्क्रिप्टेड खासगी नेटवर्क) घाला (लिनक्स कर्नलमध्ये ५.६ पासून, म्हणजे २०२० पासून आहेच), प्रत्येकाला एक आतला पत्ता द्या, आणि तुमचा प्रोग्राम फक्त त्याच पत्त्यावर बाइंड करा, म्हणजे तिथूनच जोडण्या घेईल. ०.०.०.० वर (म्हणजे यंत्राच्या सगळ्या पत्त्यांवर) बाइंड केलात तर सगळं मुसळ केरात. आतली रेंज १९२.१६८.१.० घेऊ नका, निम्म्या राउटरांची तीच असते. १० ने सुरू होणारी एखादी आडवळणाची निवडा.

वाचनमात्र
वाखूसा (वाचनखूण साठवली)! आयपीएफएस (फाइली वाटून ठेवणारं पिअर-टू-पिअर नेटवर्क) का नको पण?

शून्यएक
ते मुळात सार्वजनिक वापरासाठी बेतलेलं आहे. स्वार्म की टाकून खासगी करता येतं, पण ती किल्ली सगळ्यांची एकच. गटातला एक जण बाहेर पडला की सगळ्यांकडची बदलायची. वायरगार्डमध्ये फक्त त्याची पब्लिक की काढून टाकायची.

सावकाश
सीजीनॅटबद्दल: पब्लिक आयपी असलेला एक जण मध्ये हब ठेवा. सीजीनॅटवाले त्याला स्वतःहून जोडतील, पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठराविक वेळाने छोटं पॅकेट पाठवणं) २५ सेकंद ठेवा म्हणजे वाट उघडी राहते.

तारायंत्र
चालेल, पण हबवर पॅकेट उघडतात, म्हणजे तिथे एन्क्रिप्शन सुटतं. हब भाड्याच्या सर्व्हरवर असेल तर तो सर्व्हर गटाइतकाच विश्वासाचा धरावा लागेल. शिवाय त्या दोघांची आपसातली सगळी वाहतूक हबची लाइन खाणार. नेब्युला किंवा टेलस्केल (अशीच खासगी नेटवर्क उभारणारे प्रोग्राम) बघा. ती आधी होल पंचिंग (दोन्हीकडून एकदम पॅकेट पाठवून नॅटमधून वाट काढणं) करून थेट जोडायचा प्रयत्न करतात, आणि नाहीच जमलं तर रिलेतून गेलं तरी एन्क्रिप्शन टोकापासून टोकापर्यंत राहतं. टेलस्केलचा कंट्रोल सर्व्हर (यंत्रांच्या किल्ल्या-पत्ते सांभाळणारा) दुसऱ्याकडे नको असेल तर हेडस्केल स्वतः चालवता येतं. होल पंचिंग मात्र हाताने लिहायला जाऊ नका, तो वेगळाच संसार आहे.

खटपट्या
नेब्युला उभं केलं. पिंग जातो, हँडशेक होतो, इंटरेस्टेड-अनचोकही होतं. पहिला ब्लॉक मागितला की गप्प. ट्रान्समिशनबरोबरही तसंच, त्यामुळे माझा कोड नसावा.

शून्यएक
एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार). ६८ बाइटांचा हँडशेक कुठूनही निसटतो, ब्लॉकची भरलेली पॅकेट वाटेत गळतात. आतल्या इंटरफेसचा एमटीयू १२८० करून बघा.

खटपट्या
१२८० वर चाललं! आता एकच: मध्येच प्रोग्राम बंद पडला तर कुठवर आलं होतं हे फाइलमध्ये लिहून ठेवू का?

तारायंत्र
ठेवा, पण नीट बंद झाला असेल तरच त्यावर विसंबा. अर्धवट मेला असेल तर डिस्कवरच्या प्रत्येक तुकड्याचा हॅश पुन्हा काढा आणि जुळतील तेवढेच बिटफील्डमध्ये (आपल्याकडे कुठले तुकडे आहेत हे सांगणाऱ्या मेसेजमध्ये) दाखवा. काहीशे जीबींना वेळ लागेल, लागू दे.