मदत हवी आहे: ब्लॅकचा बर्फाचा प्रयोग घरी केला, 80 ऐवजी 61 आले

नमस्कार मंडळी,

लेकीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिला जोसेफ ब्लॅक या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश शास्त्रज्ञावर काहीतरी करायचंय. चुन्याची निवळी फुंकून दुधाळ करणं नको म्हणाली, "ते सगळेच करतात." (त्या निवळीमागचा ‘बद्ध वायू’, म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड, ब्लॅकनेच 1750च्या दशकात ओळखला होता, हे सांगून पाहिलं. उपयोग शून्य.) म्हणून अप्रकट उष्मा, म्हणजे तापमान न वाढवता नुसता बर्फ वितळवण्यात खर्च होणारा उष्मा. तेवढ्या उष्म्याने तितकंच पाणी किती अंश तापलं असतं, तो आकडा काढायचा.

ब्लॅकने 1761 साली ग्लासगोत काचेचे दोन सारखे गोळे घेतले. एकात 33 अंश फॅरनहाइटचं पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच पाण्याचा बर्फ. 47 अंशांच्या मोठ्या दालनात दोन्ही टांगले. पाणी अर्ध्या तासात 7 अंश चढून 40 ला पोचलं, बर्फाला तिथवर यायला साडेदहा तास लागले. म्हणजे 21 अर्धे तास, गुणिले 7, झाले 147. त्यातून पाणी झाल्यावर चढलेले 8 वजा केले की 139. आजचा आकडा 144, म्हणजे सेल्सिअसमध्ये 80. फक्त तापमापी आणि घड्याळावर!

आम्ही स्टीलचे दोन सारखे पेले घेतले, दोन्हींत 200 ग्रॅम. बर्फ फ्रीझरमधून काढून जरा पाझरू दिला, मगच वेळ धरली. खोली 30 अंश सेल्सिअस, पंखा बंद. पाणी 1 वरून 11 ला 25 मिनिटांत आलं, बर्फवाला पेला 11 ला यायला तीन तास. हिशेब केला तर 61.

पाणी तापत जातं तसा खोलीशी फरक कमी होतो आणि उष्मा आत यायचा वेग मंदावतो, बर्फ मात्र 0 वरच बसून भरपूर उष्मा घेत राहतो. तूट इथेच असावी. पण मग ब्लॅकचं गणित आमच्यापेक्षा जास्त बिघडायला हवं होतं ना? त्याचा फरक 14 वरून 7 वर, म्हणजे निम्म्यावर आला, आमचा 29 वरून 19 वर. तरी तो 144 पैकी 139 आणि आम्ही 80 पैकी 61! काच, गोल आकार, की नुसतं नशीब?

पेल्यांना बाहेरून दव धरलं होतं, त्याचाही काही हात असेल का? शनिवारी पुन्हा करणार आहोत. पाणी 1 ते 4 एवढंच मोजावं का?