निदान झाले, औषध सुरू झाले. पण घरी कोणाला आणि किती सांगावे?

कृष्णाकाठ (प्रश्न):
नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातला असून नोकरीनिमित्त पुण्यात राहतो. मी उभयलैंगिक आहे, म्हणजे मला पुरुष आणि स्त्रिया दोघांचेही आकर्षण वाटते, हे दोन जवळच्या मित्रांखेरीज कोणालाही ठाऊक नाही. गेल्या पावसाळ्यात एचआयव्हीचे निदान झाले आणि सरकारी एआरटी केंद्रातून (एचआयव्हीवरील औषधोपचाराच्या केंद्रातून) लगेच औषध सुरू झाले. रोज एक गोळी घ्यायची असते, तिचा विशेष त्रास नाही आणि ताज्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण, आढळण्याइतका उरलेला नाही. तरीही मन थाऱ्यावर येत नाही. घरी स्थळे पाहणे चालू आहे, आणि केंद्रात ‘लग्न झालंय का?’ असे विचारले की माझे पुढचे बोलणेच खुंटते. आजाराबद्दल सांगावे, तर संसर्ग कुठून झाला हा प्रश्न येणार आणि त्याचे खरे उत्तर दिले की दुसरी गोष्टही उघड होणार. ज्यांनी ही दोन्ही ओझी एकत्र वाहिली आहेत, त्यांनी ती कशी पेलली?

दादरकर:
मी समलिंगी आहे आणि बरीच वर्षे औषधावर आहे. २००४ मध्ये सरकारने मोफत औषधे सुरू केली, तेव्हा सीडी४ पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) बऱ्याच घटल्याशिवाय ती मिळत नसत. निदान होताच प्रत्येकाला औषध देण्याचे धोरण २०१७ मध्ये आले. त्यामुळे आमच्या पिढीला मरणाची भीती अधिक होती, तुमच्या पिढीला माणसे तुटण्याची आहे, आणि ती मला कमी जड वाटत नाही.

संसर्ग कुठून झाला याचे उत्तर तुम्ही कोणालाही देणे लागत नाही. मी आधी फक्त बहिणीला आजाराविषयी सांगितले, माझ्या लैंगिकतेविषयी तिला पुष्कळ नंतर समजले, आणि दोन्हींच्या मधल्या काळात तिला औषधांची माहिती झाल्याने दुसरे बोलणे सोपे गेले. मला सर्वाधिक आधार मात्र माझ्यासारख्याच पुरुषांनी दिला. मुंबईत हमसफर ट्रस्ट ही आपल्यासारख्यांसाठी काम करणारी संस्था १९९४ पासून आहे. तिथे आपली गोष्ट पहिल्यापासून समजावून सांगावी लागत नाही.

आपण आता कोणाच्या जवळ जाण्यास योग्य नाही, ही समजूत आधी मनातून काढा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील पार्टनर-२ अभ्यासात ७८२ पुरुष जोडपी होती. त्यांच्यात काँडोमविना ७६ हजारांहून अधिक वेळा संबंध आले, तरी व्हायरल लोड दबलेल्या जोडीदाराकडून एकही संसर्ग झाला नाही.

समुपदेशिका:
मी एआरटी केंद्रात काम केले आहे. लग्नाचा प्रश्न सर्वांनाच विचारला जातो, पण तो ज्या सुरात विचारला जातो त्याने अनेक तरुण गप्प होतात, ही आमच्या व्यवस्थेची उणीव आहे. तरी शक्य असेल तर समुपदेशकाला पुरुषांशी असलेल्या संबंधांविषयी जरूर सांगा, कारण त्यावरून सिफिलिससारख्या आजारांच्या तपासण्या ठरतात. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडल्यास, तुमची स्थिती आणि विश्वासाने सांगितलेली इतर खासगी माहितीही संमतीशिवाय उघड करता येत नाही. जोडीदाराच्या बाबतीत एक अपवाद आहे. तो केंद्रात नीट समजून घ्या.

झोप उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे आणि एचआयव्हीविषयीच्या शंकांसाठी १०९७ हा निःशुल्क क्रमांक आहे.

माळरान:
मीही उभयलैंगिक आहे. ‘तुला मुलीही आवडतात ना, मग लग्न करून मोकळा हो,’ हा सल्ला मला समलिंगी मित्रांकडूनही मिळाला आणि त्याने मी फार एकटा पडलो. लग्न करणे किंवा न करणे हे दोन्ही योग्य असू शकते. न सांगता करणे मात्र त्या मुलीवर अन्याय आहे, व्हायरल लोड कितीही दबलेला असला तरी. मी दोन्ही गोष्टी आधी सांगितल्या. एकीने नकार दिला, तो तिचा हक्क होता. दुसरी माझ्यासोबत डॉक्टरांकडे आली, तिने मनातले सगळे विचारले, बराच वेळ घेतला आणि मग होकार दिला.

आईला तूर्त एवढेच सांगा की या वर्षी पत्रिका कोणाकडेही देऊ नकोस, माझा निर्णय मी स्वतः येऊन सांगेन. कारण विचारले तर नोकरीचे किंवा पैशांचे खोटे निमित्त पुढे करू नका, कारण ते निमित्त संपले की स्थळे पुन्हा सुरू होतात.