पानगळ आणि पाऊस: तुमच्या गल्लीत काय चाललंय?

सिअ‍ॅटलमधला नोव्हेंबर म्हणजे साडेचारला दिवेलागण आणि दिवसभर पिरपिर. पहिली दोन वर्षं मी खिडकीत बसून नुसती चरफडले. तिसऱ्या वर्षी आई आली. म्हणाली, "छत्री घे, चल." वॉशिंग्टन पार्क आर्बोरेटममध्ये एका झाडाखाली ती थबकलीच. "इथे गुळाचा पाक कोण करतंय गं?" झाड होतं कात्सुराचं. त्याच्या पिकल्या पानांत माल्टॉल असतं, साखर करपवताना तयार होतं तेच. आईने चार पानं कोटाच्या खिशात घातली. घरी येईपर्यंत वास गेला होता, पण तेव्हापासून पाऊस थांबला रे थांबला की मी तिकडे पळते. तुमच्याकडचं सांगा!

*

न्यू जर्सी. फोटो टाकणाऱ्यांनी एकदा भिजलेली पानं कागदी पिशवीत भरून उचलून बघावीत. तळ फाटतो, मग पुन्हा पहिल्यापासून. कोपऱ्यावरची गटाराची जाळी तुंबली की समोरचे आजोबा आणि मी फावडी घेऊन उतरतो. सात वर्षांची शेजारओळख त्या चिखलातलीच.

*

आमचा मेपल यंदा लाल झालाच नाही, नुसता मळकट पिवळा. खत कमी पडलं का?

*

खत नाही हो, ढग! पिवळा रंग पानात आधीपासून असतोच, हिरवा ओसरला की दिसतो. लाल मात्र झाड शरदात नव्याने बनवतं. त्याला दिवसा ऊन आणि रात्री गारवा लागतो.

*

टोकियो. मेइजी जिंगू गाइएनमधली गिंकोची रांग, १४६ झाडं. नोव्हेंबरअखेरीस पाऊस झाला की पायवाट हळदीने सारवल्यासारखी. आमच्या गल्लीत मात्र मादी झाड आहे. त्याची फळं चिरडली की खवट लोण्याचा वास, बूट दाराबाहेर! आतल्या बिया भाजून मीठ लावून खातात. सासूबाईंना आवडल्या, मला अजून जमत नाहीत.

*

आम्ही पुण्यातले, आमची पानगळ फेब्रुवारीत. पण नोव्हेंबरात बूच फुलतो. रात्री अवकाळी सर येऊन गेली की सकाळी रस्ताभर पांढरा सडा, भिजल्यामुळे डांबराला चिकटलेला. लांब दांड्यांत दांडा अडकवून आजी दोऱ्याशिवाय वेणी करायची. मला अडीच वेढ्यांपुढे येत नाही. तरी झाडूवाल्या मावशी येण्याआधी ओंजळभर वेचतेच.